छातीखालून सुटणारा झगा

परभणी जिल्ह्यात शिवण शिकलेल्या बाईनं आयुष्यात सर्वांत आधी जे कपडे पुरे केले असतील, त्यांत झबलं आणि योकचा फ्रॉक हमखास असतो. झबल्यानंतर फ्रॉक, मग परकर, मग ब्लाउज, हा शिवणक्लासचा क्रम वर्षानुवर्षं चालत आलेला आहे. योकच्या फ्रॉकमध्ये छातीपर्यंतचा भाग अंगाबरोबर असतो, तिथे आडवी शिवण येते आणि त्या शिवणीपासून खाली चुण्यांचा घेर सुटतो. दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंड-फ्रान्समधल्या बायका घालत त्या झग्याची बांधणी हीच होती. कंबर तिच्या जागेवरून उचलून थेट छातीखाली आणलेली, वरचा भाग आखूड, खाली पायघोळ, हलका, सरळ पडणारा घेर. फॅशनच्या भाषेत या बांधणीला 'एम्पायर वेस्ट' म्हणतात आणि इंग्लंडच्या इतिहासातल्या एका कालखंडावरून या झग्याला 'रीजन्सी ड्रेस' म्हणतात. कागदी पॅटर्नवरून तो कसा शिवायचा, हे या पुस्तकात आहे.

२०२० च्या डिसेंबरात 'ब्रिजर्टन' ही मालिका आली आणि हा झगा पुन्हा घरोघरी पाहिला गेला. २०२२ मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या भागाची नायिका तर भारतातून लंडनला गेलेली, शर्मा आडनावाची मुलगी आहे. लग्नाआधीचं फोटोशूट असो, कॉलेजचं स्नेहसंमेलन असो की एखादा नाट्यप्रयोग, मोबाइलवरचा फोटो पुढे करून 'असाच शिवून द्या' म्हणणारं गिऱ्हाईक आणि तो फोटो मोठा करून करून बघणारा टेलर, हे दृश्य आता तालुक्याच्या गावालाही नवं राहिलेलं नाही. अडचण एवढीच, की फोटोत पुढची बाजू दिसते आणि या झग्याचं सगळं कसब मागच्या बाजूला असतं. नुसता फोटो बघून शिवलेला रीजन्सी झगा बहुतेक वेळा घरात घालायच्या गाऊनसारखा दिसतो, तो याच कारणानं. पॅटर्न हवा तो त्यासाठी.

आधी थोडा इतिहास, कारण तो कापडाशी आणि म्हणून परभणीशीही जोडलेला आहे.

अठराव्या शतकातला युरोपातला बायकांचा पोशाख म्हणजे मोठा पसारा होता. जाड रेशीम, पोट आवळणारी कडक काचोळी, कमरेच्या दोन्ही बाजूंना आडवा पसरलेला सांगाडा. १७८३ मध्ये एलिझाबेथ विजे ल ब्रँ या चित्रकर्तीनं फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिचं एक चित्र पॅरिसच्या प्रदर्शनात ठेवलं. त्यात राणी पांढऱ्या मलमलीच्या साध्या, सैल झग्यात होती. अंगातले आतले कपडे घालूनच राणी लोकांसमोर आली, अशी ओरड झाली आणि चित्र काढून घ्यावं लागलं. पण तो झगा मात्र रुजला. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर दरबारी थाट नकोसा झाला, प्राचीन ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या अंगावरच्या चुणीदार वस्त्रांचं वेड आलं, आणि १७९० च्या दशकात कंबर वर वर सरकत छातीखाली येऊन थांबली. १८०४ मध्ये नेपोलियन सम्राट झाला, जोसेफिन सम्राज्ञी झाली, आणि हीच बांधणी दरबाराची झाली. तिकडे इंग्लंडात राजा तिसरा जॉर्ज आजारी पडल्यानं १८११ ते १८२० या काळात त्याचा मुलगा रीजंट म्हणून कारभार पाहत होता. ही ती रीजन्सी. झग्याची चाल मात्र त्या नऊ वर्षांच्या बरीच अलीकडे-पलीकडे पसरलेली आहे. १८२० नंतर कंबर पुन्हा खाली उतरू लागली.

या इतिहासाची एक बाजू मराठवाड्यातून जाते. परभणीच्या शेजारच्या जालना जिल्ह्यात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे आणि भोसल्यांच्या फौजांशी तिथे जो इंग्रज सेनापती लढला, तो आर्थर वेलस्ली. पुढे तोच ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. वॉटर्लूच्या लढाईच्या तीन दिवस आधी, १५ जून १८१५ च्या रात्री ब्रुसेल्समध्ये रिचमंडच्या डचेसनं मोठी नृत्याची मैफल ठेवली होती आणि वेलिंग्टन तिला हजर होता. अशा मैफलींतल्या बायकांच्या अंगावर हेच उंच कमरेचे झगे असत.

त्याच वर्षांत परभणी ज्या राज्यात होती, त्या हैदराबादच्या दरबारात गायिका-नर्तकी पेशवाज घालत. तोही छातीखाली आवळलेला, पुढून उघडा, तलम कापडाचा आणि खाली भरपूर घेराचा. दख्खनी दरबारातली नामवंत शायर महलका बाई चंदा (१७६८–१८२४) ही जेन ऑस्टिनची (१७७५–१८१७) समकालीन. दोन्ही पोशाखांचे उगम वेगवेगळे आहेत, आणि तरीही तलम सुती कापड हातात आलं की ते छातीखाली गोळा करून खाली मोकळं सोडावं, हे दोन्हीकडच्या शिंप्यांना सुचलं. तलम कापडाला कमरेवर आवळलं तर ते ताणतं, फाटतं आणि त्याचा पडता घेर दिसत नाही. वरून सोडलं की ते स्वतःच्या वजनानं सरळ उतरतं. कापड बदललं तशी बेतणी बदलली, हे या झग्याकडे बघताना सतत लक्षात ठेवावं.

आणि ते कापड भारतातलं होतं. ढाक्याची मलमल सर्वांत नावाजलेली, पण बंगालखेरीज दख्खनमध्येही तलम विणकाम होतं, निजामाच्या राज्यात नांदेडच्या मलमलीचं नाव होतं. ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरीतला हेन्री टिल्नी बहिणीच्या झग्यासाठी पाच शिलिंग वाराने अस्सल भारतीय मलमल आणल्याचं मोठ्या दिमाखात सांगतो. कादंबरीतल्या पुरुषालासुद्धा मलमलीची पारख असणं ही तेव्हा मिरवायची गोष्ट होती. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात त्या काळातले भारतीय मलमलीचे झगे आजही जपून ठेवलेले आहेत. त्यांतल्या अनेक झग्यांवरची पांढऱ्यावर पांढरी नक्षी वाकड्या टोकाच्या सुईनं, कापड कडीत ताणून भरलेली असते. युरोपात ती कला पूर्वेकडूनच गेली. आज मराठवाड्यातल्या ब्लाउजांच्या पाठी आणि बाह्या ज्या आरी वर्कनं भरलेल्या असतात, ते हेच काम. ज्या बाईला आरी येते तिला या झग्याची किनार भरायला नव्यानं काही शिकावं लागणार नाही.

पुढची गोष्ट दुःखाची आहे आणि ती टाळून या झग्याचं कौतुक करता येत नाही. १७७९ मध्ये सॅम्युअल क्रॉम्प्टननं सूत कातायचं नवं यंत्र बनवलं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तलम सूत जमू लागलं. १८१३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची भारताच्या व्यापारावरची मक्तेदारी संपली, गिरणीचं कापड इकडे येऊ लागलं, भारतीय कापडावर तिकडे जबर जकात होतीच. जो झगा भारतीय मलमलीवर उभा राहिला, त्याची फॅशन संपेपर्यंत इंग्रज बाई बहुधा लँकेशायरची किंवा स्कॉटलंडची मलमल वापरू लागली होती, आणि इथला विणकर मागावरून उठू लागला होता. परभणीच्या वाट्याला पुढे उरलं ते कच्चा कापूस पाठवणं. १९०० च्या सुमारास गोदावरी खोऱ्यातून मनमाडपर्यंत रेल्वे आली, आणि मानवत, सेलू ही गावं कापसाच्या बाजारपेठा म्हणून वाढली. कापूस इथला, कापड दुसरीकडचं, ही विभागणी अजून पुरती मोडलेली नाही.

तरी परभणीत एक वेगळं काम शांतपणे चालत आलेलं आहे. १९१८ मध्ये इथे शेतीच्या प्रयोगांसाठी मुख्य प्रक्षेत्र सुरू झालं, महेबूब बागेत कापसावर संशोधन होऊ लागलं. गावरानी नावानं ओळखला जाणारा या भागातला देशी कापूस धाग्यासाठी नावाजलेला होता. ढाक्याच्या मलमलीचा फुटी कार्पास आणि हा गावरानी, दोन्ही एकाच वनस्पतीजातीतले, गॉसिपियम आर्बोरियम. १८ मे १९७२ रोजी परभणीला कृषी विद्यापीठ झालं, २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावानं ओळखलं जातं. त्यातल्या संशोधकांनी याच देशी जातीतून पीए २५५, पीए ४०२, पीए ०८ असे लांब धाग्याचे वाण काढले. देशी कापूस म्हणजे आखूड, जाडाभरडा धागा, हा समज त्यांनी खोटा ठरवला. बीटी कपाशीच्या लाटेत शेतातून हे वाण मागे पडले, हे खरं. पण रोगाला आणि ताणाला टिकणारा, कोरडवाहू रानात तगणारा हा कापूस आहे, आणि त्याच्या सुताचं कापड अंगावर आलं पाहिजे, असं हे पुस्तक मनापासून मानतं. त्याच विद्यापीठाच्या सामुदायिक विज्ञान महाविद्यालयात, म्हणजे पूर्वीच्या गृहविज्ञान महाविद्यालयात, मुली वस्त्र आणि पोशाखशास्त्र शिकतात. कापसाच्या बियाण्यापासून झग्याच्या टाक्यापर्यंतची सगळी विद्या एका आवारात असलेली गावं फार नसतील.

आता पॅटर्नकडे.

आपल्याकडच्या टेलरला छापील पॅटर्नची सवय नाही. तो माप घेतो, वहीत आकडे मांडतो, आणि छातीचा चौथा भाग अधिक लूजिंग, मुंढ्याला एवढं, गळ्याला छातीचा बारावा भाग, असं करत खडूनं थेट कापडावर आखतो. झारापकर पद्धतीच्या कटिंगच्या पुस्तकावर महाराष्ट्रातल्या शिंप्यांच्या आणि शिवणक्लासच्या बायकांच्या पिढ्या तयार झाल्या. तिथेही सूत्रानं आखणी हेच सूत्र. गिऱ्हाईक तर माप द्यायलाही उभं राहत नाही. 'मापाला ब्लाउज आणलाय' म्हणत जुना ब्लाउज पुढे सरकवतं. टेलर तो ब्लाउज टेबलावर पसरतो, मधोमध दुमडतो, पाठीची उंची, मुंढा, बाहीचा घेर टेपनं पाहतो आणि त्या कापडातून बाईचं अंग वाचतो. हे कसब मोठं आहे. संग्रहालयातले अभ्यासक जे करतात ते याहून वेगळं नाही. इंग्लंडमध्ये हॅम्पशायरच्या संग्रहात एक रेशमी कोट आहे, तपकिरी रंगाचा, ओकच्या पानांच्या नक्षीचा, आणि तो जेन ऑस्टिनचा असल्याचं मानलं जातं. हिलरी डेव्हिडसन या अभ्यासिकेनं त्याचं टाक्याटाक्यानं माप घेऊन तसाच दुसरा कोट शिवला, आणि तो घालणारी बाई उंच, सडपातळ असावी असं त्या मापांवरून मांडलं. मापाच्या ब्लाउजावरून अंग ओळखणाऱ्या कोणत्याही शिंप्याला ही रीत ओळखीची वाटेल.

कागदी पॅटर्न ही त्याच कसबाची छापलेली आवृत्ती. १८६३ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एबनेझर बटरिक या शिंप्यानं वेगवेगळ्या मापांत कापलेले पातळ कागदाचे पॅटर्न विकायला काढले. त्याआधी मासिकांतून येणाऱ्या आकृत्या एकाच मापाच्या असत, आणि त्या आपल्या अंगाप्रमाणे वाढवणं-घटवणं शिवणाऱ्याच्या डोक्यावर असे. पुढे मॅकॉल, सिंप्लिसिटी, जर्मनीची बुर्डा अशा कंपन्या आल्या. जुन्या कपड्यांच्या बाबतीत सर्वांत मोलाचं काम केलं ते जॅनेट आर्नल्ड यांनी. संग्रहालयांतले खरे झगे मोजून, एक इंचाला एक अष्टमांश इंच या प्रमाणात चौकटीच्या कागदावर त्यांनी उतरवले. 'पॅटर्न्स ऑफ फॅशन' या त्यांच्या ग्रंथाचा १६६० ते १८६० या काळाचा भाग १९६४ मध्ये निघाला. आज बाजारात मिळणाऱ्या चांगल्या रीजन्सी पॅटर्नच्या मागे अशाच मोजणीची मेहनत असते.

पॅटर्न उघडला की पहिल्यांदा कोणीही बुचकळ्यात पडतो. एकाच कागदावर सात-आठ मापांच्या रेषा एकमेकींत गुंतलेल्या. बाण, खाचा, काळे टिपके. बाण म्हणजे कापडाच्या उभ्या धाग्याची दिशा. तो बाण किनारीला समांतर बसला नाही तर झगा एका बाजूला ओढला जातो आणि मग कितीही इस्त्री करा, सुधारत नाही. खाचा एका तुकड्याला दुसऱ्याशी जुळवायच्या खुणा. 'घडीवर' असं लिहिलेली कड कापडाच्या दुमडीवर ठेवायची. अमेरिकन कंपन्यांच्या पॅटर्नमध्ये शिलाईचं मार्जिन साधारण दीड सेंटिमीटर धरलेलं असतं. बुर्डाच्या मासिकातल्या पॅटर्नमध्ये ते बहुधा स्वतः सोडावं लागतं, आणि हे न पाहता कापलेला झगा अंगात जात नाही. पॅटर्न फाइल म्हणून घेतला असेल तर छपाई शंभर टक्के मापात करायला सांगावं. 'पानात बसवा' हा पर्याय चालू राहिला की प्रत्येक तुकडा थोडा थोडा आकसतो. कागदावर एक चौकोन तपासणीसाठी दिलेला असतो, तो टेपनं मोजल्याशिवाय कातर उचलू नये. ए-फोर पानं चिकटवत बसण्यापेक्षा, इमारतींचे नकाशे छापणाऱ्या दुकानातून एका मोठ्या कागदावर छापून घेतलेला पॅटर्न कितीतरी बरा. परभणीत किंवा कोणत्याही जिल्ह्याच्या गावात असं दुकान सापडतं.

दुसरी गोष्ट उंचीची. हे पॅटर्न साधारण साडेपाच फूट उंचीच्या बाईसाठी आखलेले असतात, बुर्डाचे तर १६८ सेंटिमीटरसाठी. पाच फूट एक-दोन इंचांच्या बाईनं ते तसेच कापले तर वरचा भाग अर्धा-पाऊण इंच लांब पडतो. ब्लाउजात एवढं खपून जातं. इथे मात्र ती अर्ध्या इंचाची चूक सगळा झगाच बदलून टाकते, कारण छातीखाली बसायची शिवण बरगड्यांवर घसरते आणि झगा ना धड उंच कमरेचा राहतो ना साधा. म्हणून छाती, कंबर, सीट या नेहमीच्या मापांच्या आधी दोन मापं घ्यावीत: छातीच्या बरोबर खालचा घेर, आणि खांद्यापासून छातीवरून त्या रेषेपर्यंतची उंची. त्या जागी एक नाडी किंवा इलॅस्टिक बांधून, हात वर-खाली करून ती कुठे स्थिरावते ते पाहिलं की रेषा सापडते. जी अंतर्वस्त्रं झग्याखाली घालायची तीच मापाच्या वेळी अंगात हवीत. त्या काळच्या बायका छाती वर उचलून धरणारी काचोळी घालत, त्यामुळे जुन्या पॅटर्नमधली रेषा आजच्या अंगासाठी थोडी खाली आणावीच लागते.

आणि पाठ. रीजन्सी झग्याच्या पाठीचा कागद हातात घेतला की आपल्याकडच्या शिवणाऱ्या बाईला तो चुकीचा कापलाय असंच वाटतं. मधला तुकडा इतका अरुंद, की वर खांद्याशी थोडा रुंद आणि खाली जाता जाता तीन-चार बोटांवर येतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी मुंढ्यातून निघून वळत वळत पाठीच्या मध्याकडे येतात. प्रिन्सेस कटची सवय असलेल्या हाताला हे वळण अवघड जाणार नाही. खांद्याची शिवण खांद्याच्या माथ्यावर नसून मागे, पाठीवर उतरलेली असते. मुंढा मागच्या बाजूला खोल खणलेला असतो आणि बाहीच्या चुण्या खांद्यावर न येता मागच्या भागात गोळा होतात. या सगळ्याचा परिणाम असा, की पाठ अरुंद दिसते, खांदे मागे जातात, मान उंच दिसते. पॅटर्न वापरताना अनेक जण 'नेहमीसारखं' करायला म्हणून खांद्याची शिवण वर आणतात आणि पाठ सरळ करून टाकतात. तसं केलं की हातात योकचा गाऊन येतो. इथे पॅटर्नवर विश्वास ठेवावा.

म्हणूनच आधी मांजरपाटात शिवून पाहणं या पुस्तकानं सक्तीचं ठरवलं आहे. नुसता वरचा भाग आणि एक बाही, लांब कच्च्या टाक्यांनी. अंगात घालून दोन्ही हात पुढे करावेत, मागे न्यावेत, खाली बसावं. पाठीवर आडव्या सुरकुत्या पडल्या तर मुंढा आखडतोय. छातीखालची शिवण समोर वर चढली तर समोरची उंची कमी पडतेय. दुरुस्ती मांजरपाटावर पेन्सिलीनं करून मग कागदावर उतरवायची.

कापड निवडताना हात आखडता घेऊ नये आणि सॅटिनकडे वळू नये. भाड्यानं मिळणाऱ्या चकचकीत पॉलिएस्टरचे गाऊन फोटोत उठून दिसतात, पण त्या कापडाला हा घेर शोभत नाही, ते फुगतं, पडत नाही. परभणीचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. छातीखाली मोकळ्या, सुती, पायघोळ झग्याला या हवेइतकी योग्य हवा इंग्लंडातही नव्हती, तिथे बिचाऱ्या बायकांना मलमलीवर आखूड कोट आणि काश्मिरी शाली घ्याव्या लागत. मलमल, कॅम्ब्रिक, वॉईल, खादीची तलम मलमल, यांतलं काहीही चालेल. राष्ट्रध्वजाच्या खादीसाठी ओळखली जाणारी मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती शेजारच्या नांदेडलाच आहे. अस्तराला ब्लाउजवालं टू बाय टू पुरतं, आणि ते फक्त वरच्या भागाला लावावं. चव्वेचाळीस इंची पन्ह्याचं साडेतीन ते चार मीटर कापड पुरे होतं.

साडीतून शिवायचा असेल तर आणखी चांगलं. कापड आडवं वापरायचं. साडीचा पन्हा चव्वेचाळीस-सेहेचाळीस इंचांचा असतो, आणि पाच फूट दोन-तीन इंच उंचीच्या बाईचं छातीखालपासून घोट्यापर्यंतचं अंतर त्यात बसतं. एक काठ खाली घेराला येतो, तुरपाईचं कामच उरत नाही. उरलेल्या साडीचा काठ कापून छातीखालच्या पट्टीला लावता येतो. घेराला सव्वादोन मीटर गेले तरी साडीत वरच्या भागाला आणि बाह्यांना भरपूर उरतं. याला सुती नारायणपेठ किंवा महेश्वरी उत्तम. इरकल थोडी जड पडते, पैठणीच्या वाटेला तर जाऊच नये.

कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून आटवून घ्यावं. मलमल कातरीखाली सरकते, तेव्हा कापण्यापूर्वी हलकी खळ देऊन इस्त्री केली की ती कागदासारखी शांत पडते. मशीनला सुई नऊ किंवा अकरा नंबरची. ब्लाउजाला चालणारी चौदा-सोळा नंबरची सुई मलमलीला भोकं पाडते. टाका बारीक, दोऱ्याचा ताण थोडा सैल. कापलेल्या कडा आतून दिसतात म्हणून शिवण आधी उलट्या बाजू एकत्र ठेवून मारायची, मार्जिन बारीक कापायचं, आणि मग सुलट बाजू आत घेऊन पुन्हा मारायची, म्हणजे धागे सगळे आत बंद होतात.

घेर जोडणं हा या कामातला सर्वांत सुखाचा भाग. समोरचा पडदा जवळजवळ सपाट ठेवायचा, बाजूलाही चुण्या नकोत. सगळा घेर मागे, पाठीच्या त्या अरुंद तुकड्याखाली चार-पाच इंचांत गोळा करायचा. हातानं दोन समांतर धावदोरे घालावेत, पाव इंचाच्या अंतरानं, टाके एकाखाली एक. दोन्ही दोरे एकदम ओढले की कापड बारीक, उभ्या घड्यांत जमतं आणि त्या घड्या थेट पायापर्यंत उतरतात. मशीनच्या लांब टाक्यानं ओढलेल्या चुण्या अशा रांगेत येत नाहीत. शिवणयंत्र बाजारात यायच्या आधीचा हा झगा आहे, सगळा हातानं शिवलेला, त्यामुळे ज्या एका जागी हातशिलाईनं खरोखर फरक पडतो तिथे ती करावी, एरवी मशीन खुशाल वापरावी. चेनही नको. चेनचा शोध त्यानंतर शंभर वर्षांनी लागला. पाठीला बारीक बटणं नाहीतर नेफ्यातून ओवलेली नाडी, दोन्ही जुन्या रीतीला धरून आहेत आणि माप थोडं कमी-जास्त झालं तरी सांभाळून घेतात.

आयटीआयमधल्या ड्रेस मेकिंग किंवा स्युइंग टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थिनींना, शिवणक्लास चालवणाऱ्या बायकांना आणि घरच्या मशीनवर स्वतःसाठी शिवणाऱ्यांना, सगळ्यांना हाताशी धरता यावं असं हे पुस्तक लिहिलं आहे. ज्यांना योकचा फ्रॉक येतो त्यांनी थेट पाठीच्या प्रकरणाकडे जायला हरकत नाही. बाकीच्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात करावी. पहिलं प्रकरण मापांचं आहे. ते वाचायला बसताना टेप, पेन्सिल, हातभर नाडी आणि मदतीला घरातलं एक माणूस जवळ असू द्या. पाठीचं माप स्वतःचं स्वतःला घेता येत नाही.